मागून ‘हू’ आवाज येतो म्हणजे पिनियनच गेली का? ट्रकच्या मागच्या एक्सलचा दोष कसा शोधायचा, काम कसं करून घ्यायचं

पांढुर्णा/सौसर : सौसरहून माल भरून छिंदवाड्याकडे निघालेल्या गाडीला सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो आणि पांढुर्ण्याहून मुलताईकडे जाणाऱ्या गाडीला सातपुड्याचा चढ. मागच्या एक्सलमध्ये काही बिघडलेलं असलं तर ते बहुतेक वेळा याच चढावर बोलायला लागतं. ड्रायव्हर गॅरेजवर येऊन सांगतो, “मिस्त्री, मागून हू-हू आवाज येऊन राहिला.” आणि बऱ्याचदा गाडीखाली न जाताच निकाल लागतो : क्राऊन-पिनियन गेलं, सेट टाका.

मग गाडी तीन-चार दिवस उभी. संत्र्याचा आंबिया बहार तोडीला आलेला असेल तर भाडंही गेलं. एवढं करून नवा सेट बसल्यावर आवाज तसाच राहिला, तर मालक मिस्त्रीला दोष देतो आणि मिस्त्री दुकानदाराला. आवाज मुळात बेअरिंगचा होता, किंवा प्रोपेलरच्या क्रॉसचा, किंवा रिमोल्ड टायरचा, हे कोणी तपासलेलंच नसतं. उलटी गोष्टही तेवढीच घडते. पिनियनचं सील गळतंय, “चालते अजून” म्हणून चार महिने गाडी पळवली जाते, बेअरिंग कोरडं पडतं आणि भरल्या गाडीसह घाटात पिनियन जाम होते. दोन्ही नुकसानं टळू शकतात, पण त्यासाठी सेटचा भाव विचारण्याआधी दीड-दोन तास तपासणीला द्यावे लागतात.

ही माहिती गाडीमालक, ड्रायव्हर आणि नव्याने काम शिकणाऱ्या पोरांसाठी आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे सौसर, पांढुर्णा, सावनेर, वरुड, नरखेड, काटोल, मुलताई या पट्ट्यात गाड्या त्याच, रस्तेही तेच.

आत काय असतं

गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागे येऊन एका गोल फ्लँजला बोल्टने जोडलेला असतो. ती फ्लँज ज्या दांड्यावर मोठ्या नटने आवळलेली असते तो दांडा म्हणजे पिनियन. तिच्या आतल्या टोकाला तिरके दात असतात. हे दात मोठ्या क्राऊनला फिरवतात, क्राऊन डिफरन्शियलच्या डब्याला फिरवतो आणि डब्यातले छोटे गिअर डाव्या-उजव्या एक्सल शाफ्टला. पिनियन दोन टेपर बेअरिंगवर बसते. एक दातांजवळ, म्हणजे आतलं. दुसरं फ्लँजजवळ, म्हणजे बाहेरचं. काही भारी गाड्यांत दातांच्या पुढे टोकाला तिसरं छोटं रोलर बेअरिंगही असतं. बऱ्याच भारी एक्सलमध्ये ही टेपर बेअरिंगं एका वेगळ्या केजमध्ये बसवून ते केज कॅरिअरला बोल्टने आवळतात आणि मधल्या फटीत पातळ शिमा घालतात. शिमांचा विषय पुढे येईल. अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. समजा क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ७, तर रेशो ५.८६. १०.००-२० टायर एका फेरीत साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे ३१० वेळा फिरतं आणि पिनियन १८०० पेक्षा जास्त वेळा. म्हणून चाकाचं बेअरिंग गेलं तर घरघर जाड आणि सावकाश असते, पिनियनचं गेलं तर आवाज बारीक, सलग आणि वेगासोबत झपाट्याने चढणारा असतो. दात तुटला असेल तरी हाच हिशेब लागतो. ‘टक-टक’ चाकाच्या फेरीच्या लयीत येत असेल तर क्राऊनचा दात, त्याच्या पाच-सहा पट जलद येत असेल तर पिनियनचा.

आणखी एक गोष्ट. आजच्या बहुतेक ट्रकमध्ये पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा वरखाली सरकवलेला असतो. याला हायपॉइड म्हणतात. यात दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. म्हणून एक्सलमध्ये जीएल-५ दर्जाचं ईपी तेल लागतं. आपल्याकडे बहुतेक ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, कंपनी सांगेल ते. गिअरबॉक्सचं उरलेलं जीएल-४ तेल “तेलच तर आहे” म्हणून एक्सलमध्ये ओतलं तर दात आवाज करायच्या आधीच खरवडलेले असतात.

आवाज ऐकायची रीत

ड्रायव्हरचं म्हणणं नीट ऐकून घ्या, पण गाडी स्वतः चालवून पाहा, नाहीतर शेजारी बसा. सपाट आणि मोकळा रस्ता हवा. ज्या वेगाला आवाज येतो तोच वेग धरून गाडी चार तऱ्हांनी चालवायची : रेस देऊन ओढत, रेस तेवढीच धरून, पाय पूर्ण काढून, आणि शेवटी काही क्षण न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलची चाचणी उतारावर करायची नाही, घाटात तर नाहीच.

ओढताना ‘हू’ येतो आणि पाय काढला की जातो, तर दातांच्या पुढच्या बाजूचा प्रश्न; म्हणजे दात झिजलेत किंवा पिनियन-क्राऊनची बैठक चुकली आहे. पाय काढल्यावरच येतो तर दातांच्या मागच्या बाजूचा, किंवा नट ढिला होऊन पिनियन पुढे-मागे सरकते आहे. छिंदवाड्याहून भरून उतरणाऱ्या गाड्या इंजिन ब्रेकवर येतात. त्यावेळी भार दातांच्या मागच्या बाजूवर पडतो, म्हणून हा दुसरा आवाज आपल्याकडे घाट उतरताना जास्त ऐकू येतो. चारही वेळा घरघर सारखीच राहिली तर संशय बेअरिंगवर. फक्त वळणावर आवाज आला आणि सरळ रस्त्यावर गेला, तर डब्यातले छोटे गिअर किंवा चाकाचं बेअरिंग. पिनियनला हात लावायची गरज नाही.

रस्ता बदलला की आवाज बदलतो का, हेही पाहा. सिमेंटच्या रस्त्यावर जोरात आणि डांबरी रस्त्यावर कमी येणारा आवाज टायरचा असतो. रिमोल्ड टायरचा कटोरी झालेला पॅटर्न अगदी पिनियनसारखा ‘हू’ करतो, आणि यात चांगले-चांगले फसतात.

गिअर टाकून क्लच सोडताना एकदाच ‘ठक्’ येतो तो पुन्हा वेगळा. त्याला क्रॉस, स्लिप जॉइंटच्या झिजलेल्या स्प्लाइन, ढिला फ्लँज नट, झिजलेले छोटे गिअर, एक्सल शाफ्टच्या स्प्लाइन आणि सगळ्यात शेवटी क्राऊन-पिनियनमधली फट, एवढी कारणं असू शकतात. यातलं स्वस्त ते आधी बघायचं. आणि ठराविक वेगाला थरथर येत असेल तर प्रोपेलरचा बॅलन्स, मधलं सेंटर बेअरिंग आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत आहेत का ते तपासा. स्लिप जॉइंट एकदा उघडून खूण न करता जोडला की ही चूक हमखास होते. जादा माल भरता यावा म्हणून कमानीत एकदोन पाटे वाढवले असतील तरी प्रोपेलरचा कोन बदलतो. ती थरथर रोज पिनियनच्या बेअरिंगला आणि सीलला मार देते, आणि बिल मात्र पिनियनच्या नावाने फाटतं.

गाडीखाली जाऊन

आधी चारही बाजूंनी चाकांना दगड किंवा लाकडी गुटके. कारण साधं आहे : प्रोपेलर सोडला किंवा एक्सल शाफ्ट काढला की गिअरमध्ये टाकलेली गाडी धरून राहत नाही. ज्या जुन्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्समागे प्रोपेलरवर असतो, त्यांचा तो ब्रेकही निकामी होतो. गाडी घसरून खाली झोपलेला माणूस चिरडण्याचे प्रकार याच कामात होतात.

मग तेल. लेव्हल प्लग उघडून बोट घाला; तेल भोकाच्या काठाला लागलं पाहिजे. खालचा प्लग काढून तेल स्वच्छ परातीत घ्या. प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, मलमासारखी बारीक पूड सापडतेच, ती घाबरण्यासारखी नाही. पातळ चमकदार पापुद्रे निघाले तर बेअरिंग किंवा दातांचा वरचा कडक थर सुटतो आहे. टोकदार तुकडे निघाले तर गाडी तिथेच उभी राहू द्या. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात नाल्यातून गाडी काढली, तापलेलं एक्सल एकदम थंड झालं आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं गेलं, असं त्याचं कारण असतं. तेलाला जळका वास असेल तर आत काहीतरी निळं पडलेलं सापडेल.

तेलानंतर फ्लँज. प्रोपेलर सोडून फ्लँज दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली, पुढे-मागे हलवा. टेपर बेअरिंगवर थोडा आगाऊ दाब दिलेला असतो, याला प्रीलोड म्हणतात, त्यामुळे निरोगी पिनियन या दोन्ही दिशांना हाताला हलल्याचं कळतच नाही. कळलं तर बेअरिंग झिजलं किंवा नट ढिला झाला. गोल फिरवताना थोडी फट जाणवणं मात्र साहजिक आहे, ती दातांमधली फट. फ्लँज सावकाश फिरवताना हाताला खडखड लागली, खाचेत अडकल्यासारखं झालं, तर बेअरिंगच्या वाटीला खड्डे पडले आहेत.

इथे एक मोह होतो. नट ढिला सापडला की एअर गन लावून करकचून आवळायचा आणि गाडी सोडायची. यात प्रीलोड किती झाला ते कोणालाच माहीत नसतं. जास्त झाला तर बेअरिंग काही खेपांतच तापून निळं पडतं. नट ढिला का झाला हेही कळत नाही; बहुतेक वेळा आतलं बेअरिंग झिजल्यामुळेच तो ढिला झालेला असतो.

सील पुन्हा-पुन्हा का गळतं

पिनियनचं सील बदललं, पंधरा दिवसांत पुन्हा गळायला लागलं, पुन्हा बदललं. ही तक्रार एवढी नेहमीची आहे की तिच्यावर थोडं जास्त लिहितो.

पहिला गुन्हेगार एक्सलच्या वरचा ब्रीदर. बोटाच्या पेराएवढी वस्तू, चिखलाने नाहीतर रंगाने बुजलेली. एक्सल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती सीलची ओठळी उचलून तेल बाहेर ढकलते. ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुवा, फुंकून पाहा, नाहीतर नवा टाका. याच्याएवढं स्वस्त काम या सगळ्या एक्सलमध्ये दुसरं नाही. दुसरं कारण फ्लँजच्या मानेवर पडलेली चर. जुनं सील वर्षानुवर्षं एकाच जागी घासतं आणि लोखंडात खाच पडते. नखाला ती खाच लागत असेल तर नवं सील कितीही भारी कंपनीचं टाका, गळणारच. फ्लँज बदला, किंवा मानेवर पातळ स्लीव्ह चढवा. बैठकीत जागा असेल तर सील किंचित कमी खोल बसवून ओठळी कोऱ्या पट्ट्यावर आणता येते. तिसरं कारण झिजलेलं बेअरिंग. पिनियनच डगमगत असेल तर सीलने तरी काय करावं? चौथं, तेल लेव्हलच्या वर भरणं. “जास्त असलं तर बरं” हा समज एक्सलला लागू नाही.

गळतीकडे दुर्लक्ष का करू नये, याचं उत्तर आपल्या घाटात आहे. चढावर गाडीचं नाक वर होतं, पिनियनची फ्लँजकडची बाजूही वर होते आणि हाऊसिंगमधलं तेल मागे जातं. तेल पूर्ण असेल तर क्राऊन ते उडवून बाहेरच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. लेव्हल खाली गेलेली असेल तर नेमकं चढावर, पूर्ण लोडमध्ये, ते बेअरिंग कोरडं चालतं. उतारावर उलट होतं : तेल पुढे येऊन सीलवर दाबतं आणि गळती वाढते. सपाट रस्त्यावर फक्त ओलसर दिसणारं सील घाट करून आलेल्या गाडीत ठिबकताना दिसतं ते यामुळे.

उघडल्यावर दात काय सांगतात

कॅरिअरचं वजन भारी गाडीत शंभर किलोच्या वर जातं. चेनपुली किंवा नीट जॅक नसेल तर दोन पोरांच्या जोरावर ते उतरवू नका. उघडण्याआधी साइड बेअरिंगच्या दोन्ही टोप्यांवर आणि त्यांच्या बैठकीवर पंचाने खुणा करा. या टोप्या कॅरिअरसोबतच मशीन केलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली की बेअरिंगची बैठक बिघडते.

तुटलेला दात धुऊन उजेडात धरा. तुटीचा पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत आणि सगळीकडे सारखा असेल तर एकाच दणक्यात तुटलाय. क्लच झटक्याने सोडला, किंवा चिखलात फिरणारं चाक अचानक कोरड्या जमिनीवर पकडलं. काळ्या मातीच्या बागेत, तोडीच्या दिवसांत पाऊस झाला की हा प्रकार ठरलेला : एक चाक फिरतंय, ड्रायव्हर रेस वाढवतोय, क्लीनर मागून दगड टाकतोय, आणि त्या दगडावर चाक पकडतं तेव्हा सगळा जोर एका-दोन दातांवर येतो. शिवाय एक चाक उभं आणि दुसरं फिरतं तेव्हा डब्यातले छोटे गिअर भयंकर वेगाने फिरतात आणि त्यांचा क्रॉस पिन जळतो. डिफरन्शियल लॉक असेल तर तो चाक फिरायच्या आधी लावायचा, फिरत असताना नाही.

तुटीवर समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांसारख्या रेषा दिसल्या तर तडा खूप दिवसांपासून वाढत होता. कारण बहुतेक जादा लोड. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. कागदावरचा आकडा वाढला म्हणून त्याआधी बनलेल्या गाडीची पिनियन काही जाड झाली नाही, आणि त्या आकड्याच्याही वर भरून चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसतातच. दातांवर खड्डे असतील तर थकवा किंवा तेलातली घाण. उभ्या ओरखड्यांसोबत निळसर रंग असेल तर तेल नव्हतं किंवा चुकीचं होतं.

तुटलेला दात वेल्डिंगने भरून देतो म्हणणारे भेटतात. पिनियनचा वरचा थर उष्णतेने कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेत तो मरतो आणि शेजारच्या दातांतही तडे सोडतो. बेअरिंगची वाटी केजमध्ये फिरायला लागली असेल तर आत पंचाचे टिंब मारून ती घट्ट करणं हीही तशीच तात्पुरती युक्ती. केज बदला नाहीतर स्लीव्ह टाकून घ्या.

सेट बसवताना

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते. दोघांवर एकच जोड-नंबर कोरलेला असतो. दुकानातून डबा उचलायच्या आधी दोन्हीवरचे नंबर स्वतः पाहा, दातांची संख्या मोजा. एकाची पिनियन आणि दुसऱ्याचा क्राऊन, “दात तेवढेच आहेत” म्हणून कधीच घेऊ नका. पांढुर्णा-सौसरचे बरेच सुटे भाग नागपूरहून येतात. शंभर किलोमीटरच्या आतलं अंतर, पण चुकीचा सेट परत करायला एक दिवस जातो. बिलावर जोड-नंबर लिहून घेतला तर परत करताना वाद होत नाही.

बसवण्याचं काम तीन मापांचं आहे आणि क्रम बदलून चालत नाही : पिनियनची खोली, प्रीलोड, मग क्राऊनची फट.

खोली म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्याकडे किती आत गेली आहे. पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे असा आकडा असतो, बहुतेक वेळा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. केजखाली शिमा असलेल्या एक्सलचं उदाहरण घेऊ. जुन्या पिनियनवर +३ आणि नव्या पिनियनवर −२ असेल तर जुना शिमांचा थर ०.०५ मिलिमीटरने कमी करून सुरुवात करायची. जुन्या शिमा म्हणूनच फेकू नका, मायक्रोमीटरने मोजून ठेवा. आता सगळ्यात महत्त्वाचा फरक : केजखाली शिम वाढवली तर पिनियन क्राऊनपासून दूर जाते. पण ज्या गाड्यांत, विशेषतः पिकअप आणि हलक्या गाड्यांत, शिम पिनियनच्या दातांमागे आतल्या बेअरिंगखाली असते, तिथे शिम वाढवली तर पिनियन जवळ येते. पिकअपवर शिकलेला मिस्त्री पहिल्यांदा भारी गाडी उघडतो तेव्हा इथे उलटं करून बसतो. हाताखालचं एक्सल कोणत्या प्रकारचं, हे आधी पाहायचं आणि आकड्यांचा अर्थ त्या कंपनीच्या मॅन्युअलमधून ताडून घ्यायचा.

प्रीलोड मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सील न लावता, क्राऊन न बसवता, केजभोवती किंवा फ्लँजभोवती दोरी गुंडाळा आणि ताणकाट्याने ओढा. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, सावकाश फिरत असतानाचा आकडा घ्यायचा. दोरी मध्यापासून ८ सेंटिमीटरवर असेल आणि काटा २.५ किलो दाखवत असेल तर ०.२ किलो-मीटर, म्हणजे साधारण २ न्यूटन-मीटर. तो मॅन्युअलच्या आकड्यात बसतो का पाहा. दोन बेअरिंगच्या मधला कडक स्पेसर जाड केला की प्रीलोड कमी होतो, पातळ केला की वाढतो. हलक्या गाड्यांतला चुरगळणारा स्पेसर एकदाच वापरायचा. नट जास्त आवळला गेला तर सैल करून चालत नाही, नवाच टाकावा लागतो. बेअरिंग चढवताना तेलात गरम करा, १२० अंशांच्या वर नको. गॅसची ज्योत थेट लावलेलं बेअरिंग नवं असूनही जुनंच समजा.

मग क्राऊन. बोल्ट नवे, आवळणी टॉर्क रेंचने. पाठीवर डायल गेज लावून एक फेरी फिरवा, साधारण ०.२० मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत असेल तर क्राऊन आणि डब्याच्या मध्ये घाण किंवा बुरा आहे, काढून पुन्हा बसवा. नंतर दोन्ही बाजूंच्या खाचांच्या नटांनी क्राऊन सरकवून दातांमधली फट बसवायची. भारी एक्सलमध्ये ती ०.२० ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलचा. ही फट डायल गेजनेच मोजायची, आणि क्राऊनच्या तीन-चार जागी. हाताने हलवून “बरोबर वाटते” म्हणणाऱ्या हाताला ०.२ आणि ०.५ यातला फरक कळत नाही.

शेवटची परीक्षा रंगाची. क्राऊनच्या दहा-बारा दातांना निळी पेस्ट किंवा तेलात कालवलेला शेंदूर लावा. हा शिशाचा शेंदूर विषारी असतो, जेवणाआधी हात साबणाने धुवा. लाकडाने क्राऊनला थोडा अडवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवा आणि उमटलेला ठसा पाहा. भाराशिवाय घेतलेला चांगला ठसा दाताच्या उंचीत मधोमध आणि लांबीत किंचित आतल्या, अरुंद टोकाकडे असतो. गाडी भरली की तो आपोआप बाहेर पसरतो. ठसा दाताच्या वरच्या काठावर आला तर पिनियन दूर आहे, आत घ्या. मुळाशी आला तर जास्त आत गेली आहे, बाहेर काढा. आतल्या टोकाला जाऊन बसला तर क्राऊन पिनियनपासून थोडा दूर न्या, बाहेरच्या टोकाला गेला तर जवळ आणा. पिनियन हलवली की फट बदलते, ती पुन्हा बसवावी लागते. दोन-तीनदा खोलून बसवावं लागलं तर मिस्त्री कच्चा आहे असं मालकाने समजू नये. पहिल्याच वेळी जमलं म्हणणाऱ्याने रंग लावून पाहिलाच नसण्याची शक्यता जास्त. मालकाने कॅरिअर वर चढण्याआधी त्या ठशाचा मोबाइलवर फोटो मागावा. नंतर आवाज आला तर तोच कामी येतो.

क्राऊनच्या पाठीमागे थ्रस्ट स्क्रू असलेल्या एक्सलमध्ये तो टेकवून मॅन्युअल सांगेल तेवढा मागे घ्यायला विसरू नका.

दहा-बारा चाकी गाड्यांसाठी एवढंच : दोन्ही मागचे एक्सल ओढणारे असतील, जसं टिपरमध्ये असतं, तर दोघांचा रेशो एकच हवा. एकात ४१/७ आणि दुसऱ्यात ३७/६ बसला तर मधला इंटर-एक्सल डिफरन्शियल सतत फिरत राहतो आणि जळतो. टायरचे आकार दोन एक्सलवर वेगवेगळे असले तरी तोच ताण, कमी प्रमाणात. एकच एक्सल ओढणारा असेल तर हा प्रश्न येत नाही.

घाटात तुटलीच तर

पिनियन किंवा दात तुटला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध संपतो. चढावर गाडी मागे यायला लागते, उतारावर इंजिन ब्रेक आणि एक्झॉस्ट ब्रेक दोन्ही गायब होतात. गिअर बदलून पाहण्यात वेळ घालवू नका, त्याने काही धरत नाही. चाकांचे एअर ब्रेक मात्र शाबूत असतात. त्यावर गाडी पहिल्या जागी थांबवा, पार्किंग ब्रेक ओढा आणि क्लीनरला लगेच चाकांना दगड लावायला सांगा. हँडब्रेक प्रोपेलरवर असलेल्या जुन्या गाडीत तर दगडाशिवाय ड्रायव्हरने ब्रेकवरचा पाय काढूच नये.

पिनियन जाम झाली असेल तर मागची चाकं फरफटतात. अशी गाडी ओढून नेण्याआधी, गुटके लावून, दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट बाहेर काढा. ट्रकचं हब हाऊसिंगवर स्वतःच्या बेअरिंगवर फिरतं, त्यामुळे शाफ्ट काढूनही चाकं जागेवर राहतात आणि तुटके तुकडे आत भरडले जात नाहीत. हबची उघडी तोंडं जाड प्लास्टिकने किंवा पत्र्याने बंद करा, नाहीतर धूळ चाकाच्या बेअरिंगमध्ये जाते. शाफ्ट काढले नाहीत तर नुसत्या ओढण्याने क्राऊन, डबा आणि कधी हाऊसिंगही जातं. नवी पिनियन टाकून भागणारं काम मग पूर्ण एक्सलचं होतं.

काम झाल्यावर हाऊसिंग आतून धुतलं का, हे विचारा. जुन्या सेटचे कण आत राहिले तर ते नव्या बेअरिंगमधून फिरतात. तेल भरल्यावर गाडी थोडी चालवून दहा मिनिटं उभी करा आणि लेव्हल पुन्हा पाहा, कारण तेल दोन्ही बाजूंच्या नळ्यांत पसरतं. पहिल्या एक-दोन खेपा हलक्या लोडच्या घ्या, शक्यतो सावनेरकडच्या सपाट रस्त्याच्या. अधूनमधून थांबून पिनियनजवळच्या केजला हाताची पाठ लावून पाहा : गरम लागणं ठीक, हात क्षणभरही टेकवत नसेल तर प्रीलोड जास्त आहे, तिथून पुढे घाट चढू नका. नवं तेल पहिल्यांदा नेहमीपेक्षा लवकर बदला आणि तेव्हा चुंबकावर काय जमलंय ते मिस्त्रीसोबत उभं राहून बघा.